फोर बाय फोरचं नंतर बघू, आधी तो टर्मचा फॉर्म फाडा

एका वाचकाचं पत्र आलंय. बदली अशा भागात झालीय जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, घरात बायको आणि दोन लहान मुलं, कमावणारे हे एकटेच. आत्ताची गाडी चार वर्षांची, फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना), लोन फिटलेलं. सेल्समन म्हणतो बर्फात फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडीच सेफ, तर घेऊ का, एवढाच प्रश्न. आणि मग शेवटी जाता जाता लिहिलंय की डाउन पेमेंटला जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देतोय आणि इमर्जन्सी फंड पूर्ण घालतोय, बाकी साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांचं लोन, त्यातच 'लोन प्रोटेक्शन प्लस गुंतवणूक' अशी पॉलिसी, आणि तिच्यात कव्हर आहेच म्हणून जुना टर्म प्लॅन (नुसता आयुर्विमा, माणूस गेला तर घरच्यांना ठरलेली रक्कम) बंद करायचा फॉर्म भरून ठेवलाय.

तो फॉर्म आधी फाडा. मग बोलू.

तुमचं टर्म कव्हर वर्षाच्या पगाराच्या १२ पट आहे, तुम्हीच लिहिलंय. नव्या पॉलिसीचं कव्हर किती? जेवढं लोन बाकी तेवढं, म्हणजे दर महिन्याला कमी होत जाणारं, आणि ते पैसे लोन देणाऱ्याकडे जाणार, घरी नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर बायकोच्या हातात काय राहील, एक फिटलेली गाडी, जवळपास काहीच न साठलेला पॉलिसी फंड आणि रिकामा इमर्जन्सी फंड. आणि वाचवताय काय तर टर्मचा वर्षाचा हप्ता, जो या गाडीच्या एका महिन्याच्या हप्त्यापेक्षाही कमी आहे! नंतर परत घेऊ म्हणाल तर वय वाढलेलं, मेडिकल परत, हप्ता जास्त, आणि मधेच शुगर निघाली तर मिळेल की नाही तेही सांगता येत नाही.

आता हिशोब. फोर बाय फोरची किंमत १०० धरा. जुनी गाडी ३०, इमर्जन्सी फंड १०, राहिले ६०, त्यात पॉलिसीचा प्रीमियम ५, लोन ६५ चं. साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांत ६५ चे साधारण ८९ भरणार. म्हणजे १०० ची गाडी पॉलिसीसकट १२९ ला पडली. 'रिसेल चांगली मिळते हो' असं सेल्समनने सांगितलंय, मिळत असेल, पण चांगली म्हणजे घेतली त्यापेक्षा कमीच ना?

पॉलिसीच्या तक्त्यात सात वर्षांत प्रीमियमचे पैसे दुप्पट होताना दाखवलेत. सात वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला दहा टक्क्यांच्या जरा वर. तुम्ही ते पैसे साडेनऊने उधार घेऊन तिथे टाकताय, चार्जेस आधीच कापले जाणार आणि त्या दहाची कुणी गॅरंटी दिलेली नाही. याला गुंतवणूक म्हणणाऱ्या माणसाकडून मी गाडीचा सल्लाही घेतला नसता.

आता तुमचा मूळ प्रश्न. फोर बाय फोर चारही चाकांना ताकद देतं, त्यामुळे बर्फात गाडी जागची हलते, चढ चढते, रुतलेली निघते. हा फायदा खरा आहे. पण थांबायला त्याचा उपयोग नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच, आणि गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. ताशी ५० च्या वेगात कोरड्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून १२-१५ मीटरमध्ये गाडी थांबते, दाबलेल्या बर्फावर ३५-४० लागतात, गुळगुळीत बर्फावर १०० च्या आसपास, मग ती टू व्हील ड्राइव्ह असो की फोर. वळणावरही तेच. उलट सुटताना गाडी घसरत नाही म्हणून रस्ता किती निसरडा आहे ते कळतच नाही, माणूस वेगात जातो, आणि गाडी वजनाने जास्त असते ते वेगळंच.

फरक पडतो तो टायरने. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं, विंटर टायरचं मऊ राहतं. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह बघून घ्या, नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही, आणि चारही बदला, पुढचे दोनच बदलले तर मागची बाजू सुटते. चार टायर रिमसकट साधारण ४ धरा, त्या १०० च्या हिशोबात. शिवाय तेवढे महिने तुमचे उन्हाळी टायर झिजत नाहीत. फोर बाय फोर घेतली असती तरी हा खर्च होताच.

घर तीव्र चढावर असतं किंवा रस्ता साफच होत नसता तर मी फोर बाय फोर घ्या म्हटलं असतं, तीसुद्धा विंटर टायरसकट. तुम्ही लिहिलंय सपाट शहर आहे, सकाळपर्यंत बर्फ काढतात. मग आहे तीच गाडी वापरा, फंडाला हात लावू नका, एक हिवाळा काढा आणि मग ठरवा. टायर मात्र पहिल्या बर्फाची वाट न बघता आत्ताच मागवा, नंतर सगळे एकदमच धावतात आणि नेमका तुमचाच साइझ संपलेला असतो.