मी गणेश मंडळाचा बिनविरोध निवडून आलेला अध्यक्ष आहे, तरी पोरं एका जुन्या कार्यकर्त्याचंच ऐकतात. काय करावं?

बिनविरोध निवडून आलात असं तुम्ही लिहिलंय. गणेश मंडळात बिनविरोध म्हणजे बऱ्याचदा ते पद दुसऱ्या कुणाला नकोच असतं, एवढं धरून चाला.

मी सोलापूरचा. आमच्याकडे संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, निघतात. मुख्य मान परंपरेने हिरेहब्बू घराण्याचा, त्यावर कुणी वाद घालत नाही. पण एवढी उंच काठी पेलायची म्हटल्यावर शब्द ती पेलायला शिकवणाऱ्या मास्तरांचा. आज कोण पेलणार, कुणाला अजून सराव हवा, हे तेच सांगतात आणि बाराबंदीतली सगळी मंडळी निमूट ऐकतात. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने अधिकाराचे तीन प्रकार सांगितलेत: परंपरेचा, व्यक्तीच्या प्रभावाचा आणि नियमाने मिळालेला. मानकरी पहिल्यात बसतात, तुम्ही तिसऱ्यात. मास्तरांना कुठे बसवायचं? मला तर हातातल्या कामाचा चौथा खाना हवासा वाटतो.

तुमचा तो जुना कार्यकर्ता याच खान्यातला दिसतो. आमच्या मंडळातही असा एक दादा आहे, पद कसलंच नाही. लेझीमच्या सरावात एखाद्याचा पाय चुकला की ओरडत नाही, गुपचूप त्याच्या शेजारी जाऊन खेळायला लागतो. हलगी दोन-चारदा फिरेपर्यंत पोरगं ठेक्यात येतं. मांडव उतरवताना शेवटचा बांबू टेम्पोत चढेपर्यंत हा घरी जात नाही. (आमचे अध्यक्ष तोवर फ्लेक्सवर असतात.) अशा माणसाशी चढाओढ करू नका, हराल.

पण सगळंच त्याच्यावर सोडूनही चालणार नाही. पोलीस परवानगीच्या अर्जावर सही तुमची आहे. परवानगी नसताना रात्री १० नंतर स्पीकर वाजला तर ठाण्यात बोलावणं तुम्हालाच येणार, त्याला नाही. म्हणून वर्गणीची पावतीपुस्तकं, बँकेचं खातं आणि स्पीकर बंद करायची वेळ तुमच्याकडे ठेवा. लेझीम, मांडव, मिरवणुकीची रांग त्याच्याकडे द्या, तेही भर बैठकीत, सगळ्यांसमोर.

बहुतेक तो खूश होईल. "हिशोब कशाला लिहायचा, मी आहे ना" असं म्हणाला, तर मात्र प्रकरण वेगळं आहे. मग सर्वसाधारण सभा बोलवा, ठराव वहीत लिहा आणि त्याच्यासकट सगळ्यांच्या सह्या घ्या. वर्गणी सुरू व्हायच्या आधी.