सायलेन्सर आधीच्या मालकाने बदलला, चलान मात्र मला

प्रश्न : ३५० सीसीची बीएस-६ बाइक सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने तिला बाहेरचा सायलेन्सर लावला होता. मोठ्या आवाजाचं चलान आलं. दुकानदार म्हणतो, डीबी किलर (आवाज दाबणारी नळी) टाका, मग कोणी अडवत नाही. दंड भरून मोकळं व्हावं का?

उत्तर : आधी चलानवरचं कलम वाचा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८२-अ (४) असेल, तर ते स्वतः बदल करणाऱ्या मालकासाठी आहे : प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विक्रीच्या जाहिरातीतले फोटो, व्यवहाराचं चॅटिंग जपलं असेल, तर इथे तुमची बाजू भक्कम आहे.

बहुधा कलम १९० (२) असेल. ते गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला धरतं. ‘मी नाही लावला’ हे तिथे चालत नाही. पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता.

डेसिबलवर भांडायचा मोह होईल. १७५ सीसीवरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे, पण ती गाडी तयार होतानाच्या चाचणीची. त्यात गाडी पूर्ण थ्रॉटलवर (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून) मायक्रोफोनपासून साडेसात मीटरवरून जाते. पोलिसांनी सायलेन्सरच्या तोंडाशी मीटर धरला असेल, तर त्या आकड्यावर हरकत घेता येते. सगळी भिस्त मात्र त्यावर ठेवू नका. कलम ५२ मुळात कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलच करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं.

डीबी किलर म्हणजे सायलेन्सरच्या तोंडात बसवलेली अरुंद नळी. ती सहसा एका बोल्टवर टिकते, हादऱ्यांनी ढिली होऊन निसटते. सायलेन्सरच्या आतली आवाज शोषणारी ग्लासवूलही (काचतंतूंचं अस्तर) हळूहळू जळून जाते. आवाज कमी झाला तरी बदल बदलच राहतो. शिवाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) मूळ सायलेन्सरमध्ये असेल, तर तोही गेला. म्हणजे आवाजाला प्रदूषणाची जोड.

तेव्हा चलानसाठी हजर व्हायच्या तारखेआधी तुमच्या मॉडेलचा कंपनीचा सायलेन्सर बसवून घ्या. इंजिन हेडजवळच्या जोडातलं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) नवंच टाकायला सांगा, जुनं दबलेलं असतं. इंजिन आयडलवर ठेवून सायलेन्सरच्या तोंडावर जाड कापड क्षणभर धरा (गार इंजिनावरच, नाहीतर हात भाजेल). जोडाजवळ फुसफुस ऐकू आली तर गळती आहे : आवाज वाढतो आणि ऑक्सिजन सेन्सरचं रीडिंगही चुकतं. बिलावर गाडीचा नंबर लिहून घ्या.

मग कलम १९० (२) असेल तर तडजोड शुल्क (खटला न लढवता भरायची रक्कम) भरा. खटला तिथे मिटतो, पण कलम २०० नुसार तो पहिला गुन्हा म्हणूनच मोजला जातो. पुन्हा सापडलात तर कैद सहा महिन्यांपर्यंत. कलम २०६ (४) खालची लायसन्सची कारवाईही शुल्क भरल्याने टळत नाही. तिथे सायलेन्सरचं बिल दाखवा. लायसन्स ताब्यात घेतलंच तर पोच मागून घ्या. त्या पोचपावतीवर गाडी चालवता येत नाही, हे लोक हमखास विसरतात.

काढलेला सायलेन्सर चलान आणि लायसन्स या दोन्हींचा निकाल लागेपर्यंत विकू नका. जाहिरातीतल्या फोटोत दिसतो तो हाच, हे दाखवायला तो लागेल.