वाट विचारा : किलोमीटर नको, खाड्या मोजा

(गुहागर डेपोतून निवृत्त झालेले एसटी चालक वाचकांच्या प्रवासविषयक प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, आम्ही लातूरचे. समुद्र फक्त मुंबईला पाहिलेला. संक्रांतीनंतर सात दिवसांची रजा काढून आमच्या छोट्या गाडीतून सागरी मार्गानं अलिबाग ते वेंगुर्ला करायचं ठरवलं आहे. बरोबर बायको, दोन मुलं (वय १३ आणि ९) आणि ७१ वर्षांची आई. आई शाकाहारी आहे, तिला देवदर्शन हवं. मोठ्याला किल्ले पाहायचे आहेत. यादीत बावीस ठिकाणं काढली आहेत. मोबाइलच्या नकाशावर रोजचं अंतर दीडशे किलोमीटरच्या आत दिसतं, म्हणजे आरामात होईल असं वाटतं. गाडी बोटीत घालून खाडी ओलांडता येते हे खरं का? भीती वाटते. आणि आईला जेवायला काय मिळेल?
– एक वाचक, लातूर

उत्तर : तुमची यादी मी दोनदा वाचली. ठिकाणं सगळी चांगली आहेत, तरी बावीसपैकी पंधरा खोडा. सात दिवसांतले तीन तुमचे लातूरहून येण्याजाण्यात जातील. उरलेल्या चार दिवसांत अलिबाग ते वेंगुर्ला म्हणजे आईला चार दिवस गाडीत बसवून ठेवणं. गावं काचेतून दिसतील आणि संध्याकाळी सगळ्यांची कंबर धरलेली असेल. कोकण पाहायला येताय ना? मग त्याचा एकच तुकडा घ्या.

दीडशे किलोमीटरचा हिशेब तुमच्या मुलखात बरोबर आहे, इथे लागू पडत नाही. आमचा किनारा म्हणजे जांभ्याचा सडा, लाल दगडाचं उघडं पठार, आणि ते नद्यांनी ठिकठिकाणी चिरलेलं. गाव खाली, समुद्राच्या किंवा खाडीच्या काठाला. रस्ता सड्यावरून. त्यामुळे प्रत्येक गावाला उतरायचं, वळणं घेत पुन्हा सड्यावर चढायचं, की पुढच्या गावाला परत उतार. त्यात गावातला रस्ता दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जातो, समोरून एसटी आली तर कुणीतरी मागे घ्यायचं. ताशी तीस किलोमीटर धरा, त्यापेक्षा जास्त धरू नका. आणि मधे खाडी आली की रस्ता संपतो. सागरी मार्ग कागदावर रेवसपासून रेड्डीपर्यंत सलग आहे. प्रत्यक्षात काही खाड्यांवर पूल आहेत, काही ठिकाणी बोट, नाहीतर आत वळसा. म्हणून कोकणातला दिवस आखताना आज किती खाड्या ओलांडायच्या ते आधी मोजा. दिवसाला एक खाडी पुरे.

तुम्ही अलिबागकडून सुरुवात का करताय हे मला कळलं नाही. लातूरवरून जाणारा नागपूर–रत्नागिरी महामार्ग तुम्हाला सोलापूर, सांगोला, मिरजेवरून कोल्हापूरला आणि तिथून आंबा घाटानं थेट रत्नागिरीत उतरवतो. त्याच रस्त्यानं या. पहिला मुक्काम कोल्हापूर, आईंना अंबाबाईचं दर्शन होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघा आणि घाट उजेडात उतरा. संक्रांतीच्या सुमारास मात्र मारळच्या मार्लेश्वराची यात्रा असते, देवाचं गिरिजादेवीशी लग्न लागतं, आणि साखरपा-देवरुख भागात गाड्यांची रीघ लागते. तेव्हा संक्रांत झाल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या.

घाटाबद्दल एवढंच : ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायच्या फंदात कधीही पडू नका. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर धरत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे आणि रीतही. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा, इथे त्याचा कुणाला राग येत नाही.

रत्नागिरीत जेवून थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, तो १९१६ मध्ये इथेच वारला. मुलांना हे सांगा, वाड्याच्या सज्जात उभं राहून सांगा. मग दुपार कलली की आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळ्याकडे निघा. सड्यावरून रस्ता वळतो आणि खाली एकदम दोन पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, दिसतात. बाजूला जागा पाहून गाडी लावा, सगळ्यांना उतरवा आणि नीट बघू द्या. पण आरे-वारेला आणि गणपतीपुळ्याला पाण्यात उतरायचं नाही. तिथे किनारा झपकन खोल होतो आणि पाणी ओढतं, माणसं गेली आहेत. पोरं हट्ट करतील, तुम्ही ऐकू नका. देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणेची वाट बांधलेली आहे, आईंना हळूहळू जमेल. मुक्काम पुळ्यात न करता शेजारी मालगुंडला केलात तर रात्र शांत जाईल. कवी केशवसुतांचं ते गाव, त्यांचं घर जपून ठेवलंय.

आता बोट. हो, गाडी बोटीत घालून खाडी ओलांडता येते, आणि तुमच्या सहलीतला सगळ्यात मजेचा भाग तोच असेल. जयगडहून तवसाळला शास्त्री नदीची खाडी, धोपाव्याहून दाभोळला वाशिष्ठीची. आमच्याकडे कुणी जंगलजेटी म्हणतात, कुणी फेरीबोट. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. धोपावे-दाभोळची बोट २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी गुहागरहून दापोलीला गाडीनं जायचं तर चिपळूण-खेडवरून शंभर किलोमीटरहून जास्त फिरून. मी तो वळसा भरल्या एसटीनं मारलेला आहे, म्हणून आजही बोटीचा फळका खाली पडताना बघितला की मला बरं वाटतं. या खाड्यांवर आता पूल व्हायचे आहेत. झाले की आजारी माणसाला दवाखाना जवळ येईल, तेव्हा ते व्हायलाच हवेत. तुमच्या मुलांनी त्याआधी बोटीतून यावं असं मात्र मला मनापासून वाटतं.

भीतीचं काही कारण नाही, पण रीत पाळा. जेटीवर पोचलात की आई आणि मुलांना उतरवून चालत पाठवा, गाडी एकट्यानं चढवा. ओहोटीला जेटीचा उतार लांब उघडा पडतो, खालच्या भागावर शेवाळ असतं, तिथे चाक फिरतं. पहिल्या गिअरमध्ये सावकाश घ्या, मधे थांबू नका. बोटीवरचा माणूस हात दाखवेल तिथेच लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. शेवटची बोट किती वाजता ते आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारून घ्या. ती चुकली तर पलीकडचा दिवा दिसतो आणि जाता येत नाही. नकाशाचंही एक सांगतो. तो कधी कधी बोट धरतच नाही आणि तुम्हाला मुकाट चिपळूणला पाठवतो. जयगडला जायचंय की धोपाव्याला, तेवढंच त्यात घाला.

यापेक्षाही महत्त्वाचं एक गणित आहे, आणि ते बाहेरून येणाऱ्याला कुणी सांगत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, साधारण. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. पंधरवडा कुठलाही असो, आकडा तोच. वद्य अष्टमीचाही आठच. आमचे दर्यावर्दी याच हिशेबानं होड्या काढत आले. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार थोडा.

याचा तुम्हाला उपयोग असा. पौर्णिमेच्या आगेमागे आलात तर संध्याकाळी सहाला समुद्र लांब गेलेला असेल. मुलांना धावायला हवी तेवढी ओली पुळण, आईंना चालायला घट्ट वाळू. पण दुपारी बारापासून पाणी उतरत असतं, आणि उतरतं पाणी माणसाला आत खेचतं. म्हणून त्या दिवसांत डुंबायचं ते सकाळी नऊ ते अकरा, चढत्या पाण्यात, गुडघ्यापर्यंत. अष्टमीला उलट. दुपारनंतर पाणी चढतं, संध्याकाळी भिजता येतं, पण फिरायला पुळण उरत नाही. तुमच्या घरात फिरणारे जास्त दिसतात, मी पौर्णिमेच्या बाजूनं कौल देईन. वाळूत गाडी मात्र कुठल्याच तिथीला घालू नका. चाकं रुततात आणि भरती थांबत नाही.

तिसऱ्या दिवशी जयगडचा किल्ला सकाळीच बघून बोट धरा. तवसाळहून हेदवीला या. दशभुज गणेशाचं देऊळ टेकडीवर आहे, गाडी वरपर्यंत जाते. खाली समुद्राला उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकात एक चीर आहे, बामणघळ. भरतीचं पाणी त्या चिरेत घुसतं आणि मोठ्या आवाजानं वर उसळतं. पौर्णिमेला तिथे साडेअकरा-बाराला पोचा. ओहोटीला गेलात तर नुसती कोरडी भेग दिसेल, आणि कितीतरी लोक तेवढीच बघून परत जातात. काठापासून दूर उभे राहा, खडक निसरडा असतो, धाकट्याचा हात सोडू नका. पुढे वेळणेश्वर, आणि संध्याकाळपर्यंत गुहागर.

गुहागरात दोन रात्री राहा. माझं गाव म्हणून म्हणत नाही. एकच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, पश्चिमेकडच्या प्रत्येक घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या टोकाला समुद्र. व्याडेश्वराचं देऊळ भर वस्तीत, आईंना रोज चालत जाता येईल. चौथा दिवस मोकळा ठेवा. मोठ्याला घेऊन तुम्ही अंजनवेलचा गोपाळगड आणि दीपगृह बघून या, बाकीच्यांना वाडीत बसू द्या. जानेवारीत आंब्याला मोहोर असतो. उन्हं तापली की त्याचा वास सगळ्या गावात पसरतो, त्यासाठी कुठे जायला लागत नाही.

जेवणाची काळजी सोडा, फक्त आदल्या दिवशी सांगा. घरगुती खाणावळीत माणसं मोजूनच शिजतं. आईंसाठी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी सांगा, सकाळी घावन. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आधी सांगावं लागतं, ते वेळखाऊ काम आहे. मासे शिजतात त्या घरात आईंना चालेल का, हे आधीच बोलून घ्या. नुसती शाकाहारी घरंही गुहागर आणि दापोलीकडच्या मुरुडला भरपूर आहेत. रोख पैसे जवळ ठेवा, खाडीकाठी रेंज जाते. पेट्रोल रत्नागिरी, शृंगारतळी, दापोली इथे भरून घ्या.

पाचव्या दिवशी धोपावे-दाभोळ बोट. मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव, मुक्काम तिथे करा. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघा, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग असतो. मोठ्याला सांगा, २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतला हा एक. समुद्र शांत असेल तर होडीवाले नेतात. नाही म्हणाले तर वाद घालू नका, त्यांना पाणी कळतं. आसूदचं केशवराजाचं देऊळ फार सुंदर आहे, पण पायऱ्या बऱ्याच, आईंना तिथे नेऊ नका. त्यांच्यासाठी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, तिथे गाडी जाते.

सहाव्या दिवशी खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला मुक्काम, सातव्या दिवशी पंढरपूरवरून घर. जंजिरा, विजयदुर्ग, मालवण सगळं राहिलं हे मला माहीत आहे. विजयदुर्ग-मालवणसाठी पुढच्या वर्षी गगनबावड्यावरून उतरा.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र ऑगस्टमध्ये मोटारसायकलींवर हाच किनारा करणार आहोत. काही सूचना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हिरवागार मुलूख दिसेल, पण पाण्यातले किल्ले बाहेरूनच बघावे लागतील, पावसाळ्यात तिथे होड्या जात नाहीत. खवळलेल्या दिवशी फेरीबोटही थांबवतात, म्हणून वळशासाठी एक दिवस हातात ठेवा. वरंधा घाट पावसात बऱ्याचदा बंद असतो, ताम्हिणीनं उतरा. रस्त्यावर लाल माती वाहून आलेली दिसली की वेग आधीच कमी करा, तिच्यावर ब्रेक मारलात तर चाक सरकतं. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. रात्री पावसात गुरं रस्त्यावरच बसलेली असतात, आणि काळी म्हैस हेडलाइटमध्ये अगदी जवळ आल्यावरच दिसते.