अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दालचिनीच्या तेलाचे थेंब घ्यावेत का?

आपल्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पाडणारा, पुन्हा पुन्हा उलटणारा आजार) आहे, मेसालामाइनच्या गोळ्यांनी त्याला उतार पडला आहे, आणि आता मालवणच्या बाजारातून आणलेले दालचिनीच्या पानांचे तेल पाण्यातून देऊन त्या गोळ्या बंद करता येतील का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: गोळ्या बंद करू नका आणि तेल पोटात देऊ नका. मी कुडाळजवळ याच पानांचे तेल वाफेने काढतो आणि हाच आजार मलाही आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मला जवळून ठाऊक आहेत.

शंभर किलो वाळलेल्या पानांतून साधारण किलोभर तेल निघते, म्हणजे एका थेंबात चार-पाच ग्रॅम पानांचा कस उतरलेला असतो. त्यात मुख्यतः लवंगेत असते तेच युजेनॉल असते. त्याच झाडाच्या सालीच्या तेलात मात्र सिनॅमाल्डिहाइड अधिक असते आणि ते आणखी झोंबणारे असते. ही दोन्ही तेले पाण्यापेक्षा जड आहेत. वाफ थंड होऊन भांड्यात उतरते तेव्हा तेल तळाशी पिवळसर थर धरून बसते आणि पाणी वर राहते. पेल्यातल्या थेंबाचेही तेच होते; तो विरघळत नाही, तळाशी जातो आणि शेवटच्या घोटाबरोबर जवळजवळ निर्भेळ पोटात उतरतो, म्हणून ‘पाण्यातून देतो’ एवढ्याने तो सौम्य होत नाही.

तरीही अशा सुगंधी तेलांवरील संशोधन पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, गवती चहातील सिट्रल हे घटक प्रयोगशाळेत दाह वाढवणाऱ्या पेशी-संदेशांना आवर घालताना दिसतात, आणि उंदरांच्या मोठ्या आतड्याची सूजही काही प्रयोगांत कमी झाली आहे. पण त्या उंदरांना पिण्याच्या पाण्यातून डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम देऊन आठवडाभरात आतड्याला इजा केलेली असते, अनेकदा तेल इजेच्या आधीपासून वा तिच्याबरोबरच दिले जाते, आणि ते रसायन थांबवले की आतडे बऱ्याच अंशी आपोआप भरून येते. वर्षानुवर्षे उलटणाऱ्या माणसाच्या आजाराशी त्याची बरोबरी होत नाही. शिवाय गिळलेले तेल बहुतेक लहान आतड्यातच शोषले जाते. ज्या मोठ्या आतड्यात व्रण आहेत तिथवर फारच थोडे पोहोचते.

पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचा दाखला आपण दिला आहे. त्या कॅप्सूल आयबीएससाठी (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), म्हणजे आतड्याच्या स्नायूंना येणारे पेटके सैल करण्यासाठी आहेत. कोलायटिस हा आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आतड्याच्या दाहाचे आजार) गटातला आजार असून त्यात आतड्याच्या अस्तरालाच व्रण पडतात. नावे जवळची असल्यामुळे हा घोळ वारंवार होतो आणि तो खरोखर घातक आहे, कारण पेटके थांबले की रुग्णाला बरे वाटते, पण आत दाह चालूच राहू शकतो. तो मोजण्यासाठी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी असते. उतार खरा आहे का, हे तिच्यावरून डॉक्टरांना कळते.

वनस्पतीजन्य उपायांत मला सर्वाधिक आशा हळदीकडून वाटते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधील चाचणीत, उतार पडलेल्या कोलायटिसच्या 89 रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या औषधांबरोबर सहा महिने रोज 2 ग्रॅम कुर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, दिले गेले. त्यांतील 43 पैकी 2 जणांचा आजार उलटला, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या 39 पैकी 8 जणांचा. मात्र कुर्क्युमिन वाफेबरोबर उडत नाही, ते कंदातच राहते. हळदीच्या सुगंधी तेलाला या निकालाचे श्रेय देता येत नाही. 2017 मध्ये उंदरांवर असे दिसले की कुर्क्युमिनबरोबर हळदीचे तेल असल्यास परिणाम वाढतो. माणसांवर ही जोडी नीट तपासली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

भावाला कुर्क्युमिन द्यायचेच असेल तर मेसालामाइन चालू ठेवून, पोटविकारतज्ज्ञांना विचारूनच द्या, आणि तो रक्त पातळ करणारी गोळी घेत असल्यास किंवा त्याला पित्ताशयात खडे असल्यास ते आवर्जून सांगा. सोसत असेल तर आमटीतली दालचिनी किंवा पातोळ्यांखालचे हळदीचे पान वर्ज्य करण्याचे कारण नाही. तेल आधीच दिले असेल तर थांबवा, आणि शौचातून रक्त, रात्री शौचासाठी उठावे लागणे, ताप किंवा घटते वजन यांपैकी काही दिसल्यास पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्या.