एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातील नव्या समुपदेशकास : मानेवरच्या गाठीविषयी

नागपुरात रुग्ण मानेवरची गाठ दाखवतो तेव्हा पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो बहुधा रास्तही असतो; पण ताप, अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम आणि घटते वजन ही तिन्ही लक्षणे लिम्फोमातही, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगातही, तशीच दिसतात, हे कृपया पक्के ध्यानात ठेवा. उमरेडकडच्या एक ताई चार महिने क्षयाची औषधे नेमाने घेत होत्या. दर भेटीला पदर सरकवून त्या गाठ दाखवीत आणि मी वजनाचा आकडा तेवढा नोंदवून घेई. ती खंत अजून जात नाही. औषधे चालू असूनही गाठ वाढत असेल, तर सुईने घेतलेल्या नमुन्यावर न थांबता गाठ काढून बायप्सी करावी का, हे डॉक्टरांना आग्रहाने विचारा.

बर्किट लिम्फोमा एड्सची अवस्था दर्शवणाऱ्या आजारांत मोडतो. हॉजकिन हा लिम्फोमाचा दुसरा प्रकार त्या यादीत नाही, तरी एचआयव्हीबाधितांत तो इतरांपेक्षा अधिक आढळतो आणि सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचे प्रमाण) बरे असतानाही होऊ शकतो.

केमोथेरपी सुरू झाली म्हणून रुग्णाने आपल्या मनाने एआरटी थांबवू नये, हे घरच्यांनाही समजावा. एचआयव्हीवरील औषधांपैकी झिडोवूडिनमुळे रक्तपेशी घटतात आणि रिटोनाविरमुळे केमोथेरपीतील व्हिनक्रिस्टिनचा नसांवरील दुष्परिणाम वाढतो, म्हणून राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात पाठवताना, रुग्णाची संमती घेऊन, चालू गोळ्यांची पूर्ण यादी चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहून द्या. एचआयव्हीमुळे उपचार नाकारता येत नाहीत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा तसे स्पष्ट सांगतो.