आधी राजीनामा की आधी नोकरी?

प्रश्न : मी ४७ वर्षांचा असून मूळचा बडोद्याच्या दांडिया बाजारातला आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून मेकॅनिकलची पदवी घेतल्यावर काही वर्षे मकरपुऱ्यात नोकरी केली आणि गेली १४ वर्षे अबू धाबीतील एकाच कंपनीत पाइपिंग व इन्स्पेक्शनचे काम करत आहे. आई-वडील थकले असल्यामुळे परत यायचे ठरवले आहे. परंतु पोर्टलवरून केलेल्या अर्जांना उत्तर येत नाही आणि ज्यांचे फोन येतात, ते सध्याचा पगार ऐकून पुन्हा संपर्क साधत नाहीत. आधी राजीनामा देऊन यावे, की तिकडूनच शोध चालू ठेवावा?
– एक वाचक, अबू धाबी

उत्तर : राजीनामा आधी देऊ नये. आपला अनुभव कमी पडत नाही. पगाराचा आकडा ऐकून समोरचा माघार घेतो, असे आपल्या पत्रावरूनच दिसते. दिऱ्हॅमचे रुपये केले की ती रक्कम इथल्या मालकाला पेलवणारी वाटत नाही, आणि तिच्यात घरभाड्याचा व करमुक्ततेचा वाटा किती, हे ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही. म्हणून बडोद्याच्या मानाने अपेक्षित पगार आपणच अर्जात लिहावा. मात्र इकडच्या सीटीसीत, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करत असलेल्या एकूण खर्चाच्या आकड्यात, कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी आणि बहुधा ग्रॅच्युइटीही धरलेली असते, शिवाय प्राप्तिकर वेगळा. तेव्हा तुलना हातात पडणाऱ्या रकमेचीच करावी.

पोर्टलवर फार विसंबू नये. कोयलीच्या रिफायनरीसारख्या सरकारी उपक्रमात या वयात शिरकाव होणे कठीण आहे. लिंडे इंजिनीअरिंग किंवा लार्सन अँड टुब्रो यांची बडोद्यातील अभियांत्रिकी कार्यालये आहेत, तिथे जुन्या सहकाऱ्यांमार्फत चौकशी करावी. पण माझ्या मते आपली खरी गरज आहे ती मकरपुरा, सावली, हालोल या पट्ट्यात प्रेशर व्हेसल, व्हॉल्व्ह, हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्या आणि आखातात माल पाठवू पाहणाऱ्या मध्यम कारखानदारांना. ग्राहकाचा इन्स्पेक्टर कोणत्या कागदावर अडून बसतो आणि माल कशामुळे परत जातो, हे आपण खरेदीदाराच्या बाजूने १४ वर्षे पाहिले आहे; बायोडेटाच्या पहिल्या चार ओळींत तेच यावे, पदनामे मागाहून. एपीआय ५१० (प्रेशर व्हेसल) किंवा ५७० (पाइपिंग) हे तपासनिसाचे प्रमाणपत्र असल्यास त्याची मुदत तीन वर्षांची असते, ती संपू देऊ नये. दहेजला कारखाने पुष्कळ आहेत, पण आई-वडिलांसाठी परतणाऱ्याने रोज तिथवर ये-जा करण्यात काय अर्थ आहे?

अशा मालकांना समक्ष भेटावे लागते, त्यासाठी महिनाभराची रजा काढावी. ती दिवाळीत नको, कारण लाभपंचमीपर्यंत बहुतेक कारखान्यांना कुलूप असते. दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड इकडे रूढ असल्याने, निवड झाल्यावर राजीनामा देऊन येतो म्हटले तर कोणाला वावगे वाटणार नाही.

पहिलीच ऑफर पदरात पाडून घेण्याची घाईही नको. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे सेवासमाप्तीनंतर पहिल्या ५ वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचे आणि पुढे वर्षाला ३० दिवसांचे मूळ वेतन मिळते. १४ वर्षांच्या सलग सेवेचे ते ३७५ दिवसांचे होते, तेवढा आधार हाताशी राहील. कायमचे परतल्यावर एनआरई (अनिवासी भारतीयांचे) खाते निवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. प्राप्तिकरात मात्र इतकी वर्षे बाहेर राहिलेल्यांना सहसा दोन-तीन वर्षे ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळतो, आणि त्या काळात परदेशातील ठेवींच्या व्याजासारख्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. हा दर्जा भारतातील मुक्कामाच्या दिवसांवर ठरत असल्याने, परतण्याचा महिना नक्की करण्यापूर्वी गेल्या दहा वर्षांच्या येण्याजाण्याच्या तारखा सनदी लेखापालाला दाखवाव्यात.