उरलेल्या उन्हावर गाडी

प्रश्न : गच्चीवर 3 किलोवॉटचं सोलर आहे, नेट मीटरही (ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, दिलेली आणि तिथून घेतलेली वीज मोजणारं) आहे. इलेक्ट्रिक कार फक्त घरात वापरून उरलेल्या सोलर विजेवर चार्ज होईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : होईल, पण भर दुपारी गाडी दारात हवी, ऑफिसच्या पार्किंगमधल्या गाडीला तुमच्या गच्चीचा काय उपयोग? खरी मेख वेगळीच आहे. घरगुती चार्जिंग 6 अँपिअरच्या खाली चालतच नाही, म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 1.4 किलोवॉट शिल्लक लागतात. ढग आला, कुणी इस्त्री लावली, की तूट गुपचूप ग्रिडमधून भरली जाते. शिल्लक मोजून करंट कमी-जास्त करणारे चार्जर मिळतात. पण नेट मीटरवर ग्रिडला दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटातून पूर्ण वळतं होत असेल, तर माझ्या मते तो खर्च नकोच. त्याऐवजी 15 अँपिअरच्या पॉइंटला स्वतंत्र वायर ओढा आणि अर्थिंग तपासून घ्या.